लोविनाला पैसे बदलताना जरा जपून

बालीला जाणारे बरेचजण हल्ली दक्षिणेतल्या कुटा बीचची गर्दी टाळून उत्तर किनाऱ्यावर लोविनाला जातात, आणि जावंच, काळी वाळू, शांत समुद्र, पहाटे त्यांच्या त्या जुकुंग होडीतून डॉल्फिन बघायला जायचं, सगळं मस्त. पण तिथे आमचे ३ लाख उडाले (दचकू नका, रुपिया! आपले दीडेक हजार), ते कसे ते नीट वाचा.

लोविनातल्याच कालिबुकबुक गावात एका कपड्याच्या दुकानात कोपऱ्यात टेबल, वर 'नो कमिशन'चा बोर्ड आणि रेट आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा चांगला. १०० डॉलरचे १६ लाख ठरले. १ लाखाच्या गुलाबी नोटा संपल्यात म्हणे, म्हणून २० हजाराच्या हिरव्या काढल्या आणि पाच-पाचचे गठ्ठे टेबलभर मांडले. नवऱ्याने मोजल्या, बरोबर ८०. मग तो पैसे बदलणारा 'वन मोर चेक' म्हणत सगळ्या गोळा करतो, टेबलावर ठोकून सारख्या करतो आणि हसत हातात देतो. सगळा खेळ ह्या ठोकण्यात आहे!! खालच्या नोटा अंगठ्याने मागे सरकवून टेबलामागे पाडतात, आणि नेमकं तेव्हाच दुसरा येऊन 'इंडिया? शाहरुख खान!' सुरू करतो, की आपण हसून तिकडे बघणारच.

संध्याकाळी होडीवाल्याला पैसे द्यायला काढले तर ६५ नोटा. परत गेलो तर सकाळी फाडफाड इंग्लिश बोलणाऱ्याला आता इंग्लिश कळेना, आणि शेवटी म्हणतो काय, तुम्ही मोजूनच घेतले होते ना. डोकंच फिरलं, पण पुरावा काय देणार. नाही मिळाले.

तर बँकेत नाहीतर बँक इंडोनेशियाचा (म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेचा) परवाना असलेल्या ठिकाणीच बदला, तिथे 'पीव्हीए बेरिझिन' (परवानाधारक मनी चेंजर) असा लोगो लावलेला असतो. दुकानाच्या कोपऱ्यातलं टेबल आणि जास्तीचा रेट दिसला की पुढे चला. मोठ्या नोटाच मागा, नाही म्हणाला तर डॉलर उचलून निघा. शेवटचं मोजणं आपलं, त्यानंतर नोटा परत त्याच्या हातात द्यायच्याच नाहीत, तो कितीही गोड बोलू दे. एटीएम त्यातल्या त्यात बरं, फक्त तिथल्या बऱ्याच मशीनमधून पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर, त्यामुळे नोटा मोजण्याच्या नादात कार्ड विसरून येऊ नका.