रोजमेळ आणि खतावणी: रोजनिशी कशी लिहायची हे ठरवताना

माझी भाची नाशिकला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "मावशी, तू रोज लिहितेस ना? मलाही सुरू करायचंय, डोक्यात फार गर्दी होते. पण वहीत लिहू की मोबाइलमध्ये? आणि लिहायचं तरी काय?" तेव्हा मी घाईत काहीबाही सांगितलं. पण तिच्यासारखे विचारणारे आणखीही असतील म्हणून आता सविस्तर लिहितेय. मला लिहायला लागून नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली चार वर्षं मी लिहीत होते, पण त्यातून मला माझ्याबद्दल फारसं काही कळत नव्हतं.

माझं माहेर अमळनेरचं. वडील धान्याच्या अडत दुकानात दिवाणजी होते. लाल कापडी बांधणीच्या त्यांच्या चोपड्या मी लहानपणापासून पाहिल्या. एक रोजमेळ. दिवसभरात जमा काय, नावे काय, ते जसं घडेल त्या क्रमानं त्यात लिहायचं आणि संध्याकाळी गल्ल्यातली रोकड मोजून शिल्लक जुळवायची. दुसरी खतावणी. रोजमेळातली प्रत्येक नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्याच्या पानावर न्यायची. रोजमेळ कितीही नेटका असला तरी अमुक शेतकऱ्याकडे किती येणं आहे हे त्यावरून चटकन सांगता येत नाही, त्यासाठी खतावणीच उघडावी लागते. मी चार वर्षं नुसता रोजमेळ लिहिला. वही भरली की कपाटात.

म्हणून कोणतीही पद्धत निवडताना मी आधी एकच गोष्ट बघते: महिन्याभरानं हे मागे जाऊन वाचता येईल का, आणि मी वाचेन का?

मोकळं लिहिणं की नेमकी नोंद

खरा निर्णय इथे आहे. वही की फोन हा प्रश्न त्यामानाने सोपा.

मोकळं लिहिणं म्हणजे मनात येईल ते, न थांबता, शुद्धलेखनाची पर्वा न करता. या पद्धतीवर सगळ्यात जास्त संशोधन झालं आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वात क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. तो अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिणाऱ्या मुलांना लिहून झाल्या झाल्या जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर अशा शंभराहून जास्त अभ्यासांचा एकत्रित आढावा २००६ साली घेतला गेला. फायदा खरा आहे, पण सरासरीनं लहान आहे, असं त्यातून दिसलं. हे आधीच सांगितलेलं बरं. दोन पानं लिहिली की आयुष्य पालटेल अशी आशा धरणारा माणूस आठवड्याभरात वही सोडून देतो.

पेनेबेकर यांच्याच कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं', 'आता कळतंय' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. मी माझ्या पहिल्या चार वर्षांच्या वह्या काढून बघितल्या. 'कंटाळा आला', 'नेहमीचंच', 'कोणाला माझी काही पडलेली नाही' ही वाक्यं पानोपानी. 'कारण' शोधावं लागलं. रात्री लिहून हलकं वाटायचं, सकाळी तोच दगड पुन्हा छातीवर.

नेमकी नोंद म्हणजे रोज त्याच चार-पाच गोष्टी, प्रत्येकी एका ओळीत. मी लिहिते त्या अशा: रात्री झोप किती झाली, मन कशानं बिघडलं, त्याच्या आधीच्या तासाभरात काय घडलं होतं, अंगात काय जाणवलं, आणि मी काय केलं. बस्स. पाच मिनिटांचं काम.

याचा मला काय उपयोग झाला ते सांगते. आमचं सासर चोपडा तालुक्यातलं, घरी केळी. शेतीची थ्री-फेज लाईट आळीपाळीनं येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रीची असली की हे बारा-एकला बॅटरी घेऊन शेतात जातात. मोटार सुरू झाली का बघायचं, ठिबकचा फिल्टर धुवायचा, कुठे नळी निघाली असेल तर बसवायची. त्या काळात मी नोंदी ठेवत होते आणि मनातून माझी पक्की समजूत होती की माझं आणि सासूबाईंचं पटत नाही. नोंदीही तशाच होत्या. 'मंगळवार. आईंशी भाजीत मीठ जास्त झाल्यावरून वाजलं. जेवले नाही.' 'गुरुवार. आई पाहुण्यांसमोर बोलल्या. डोकं ठणकलं.'

सहा आठवड्यांनी एका दुपारी मी वडिलांसारखी खतावणी मांडली. एका कोऱ्या पानावर फक्त आईंशी झालेल्या खटक्यांचे दिवस उतरवले, शेजारी झोपेचा आकडा लिहिला. १४ खटके होते. ११ वेळा आदल्या रात्रीची झोप चार तासांच्या आत. आणि ते अकराही दिवस रात्रीच्या लाईटच्या आठवड्यातले. दाराची कडी वाजली की मी जागी व्हायचे, ते परत येईपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही. साप-विंचवाची भीती, कोरड्या विहिरीच्या कडेची भीती. ती रात्रभराची भीती सकाळी चुलीपुढे आईंवर निघत होती.

मोकळं लिहून हे मला चार वर्षांत दिसलं नव्हतं. रागाच्या भरात लिहिताना आपण समोरच्या माणसाबद्दल लिहितो, आदल्या रात्रीबद्दल लिहीत नाही. आता रात्रीची लाईट असली की यांची खाट ओसरीत असते, आणि शेतात पोहोचल्यावर ते मला एक मिस कॉल देतात. मी आईंनाही सांगून ठेवलंय की या आठवड्यात मी कमी बोलेन, त्याचा अर्थ रुसवा असा लावू नका.

तर मग मोकळं लिहिणं सोडून द्यायचं का? नाही. एखादी मोठी गोष्ट मनात अडकली असेल, कुणी गेलं असेल, लग्न मोडलं असेल, वादळात उभी बाग आडवी झाली असेल, तर चार ओळींच्या नोंदीत ती मावत नाही. तिथे तीन-चार दिवस पाठोपाठ पंधरा-वीस मिनिटं बसून मोकळं लिहावं आणि मग थांबावं. रोजच्या स्वभावाची ओळख करून घ्यायची असेल तर मात्र नेमकी नोंद. पहिलं औषधासारखं, दुसरं जेवणासारखं. माझी चूक ही झाली की मी औषध रोज जेवले.

मोकळं लिहिताना एक युक्ती उपयोगी पडते. स्वतःला 'मी' न म्हणता 'तू' म्हणून किंवा नावानं हाक मारून लिहायचं. 'का गं, आज एवढी का चिडलीस?' मिशिगन विद्यापीठातले ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बराच अभ्यास केला आहे. असं केल्यानं माणूस प्रसंगापासून जरा लांब उभा राहतो आणि भोवऱ्यात कमी सापडतो. आपल्याकडे तर मावशी, आजी असंच बोलतात, तोच सूर कागदावर उतरवायचा. आणि 'का' विचारताना शेपूट लावत बसू नका. मी अशीच का, माझ्याच वाट्याला का, याला तळ नाही. 'काय झालं', 'कधी झालं', 'आता काय करू' या प्रश्नांना उत्तरं असतात.

आभाराची यादी आणि उद्याची यादी

या दोन्ही छोट्या पद्धती आहेत, त्यावर फार वेळ खर्ची पडायला नको.

आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं ते लिहायचं, ही पद्धत सध्या सगळीकडे सांगितली जाते, आणि रोज लिहा असं सांगतात. अभ्यास मात्र वेगळं दाखवतो. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं तसं वाढलं नाही, असं अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं. रोज लिहिलं की ते पाढे म्हटल्यासारखं होतं. रविवारी लिहा, आणि 'कुटुंब, आरोग्य' असं मोघम लिहू नका. 'जावेनं न सांगता माझ्या वाटणीच्या कळण्याच्या भाकरी थापल्या' हे लिहा. पण जिथे खरोखर अन्याय होतोय तिथे ही यादी लिहून त्यावर पांघरूण घालू नका. घरात मार खाणाऱ्या बाईनं आभाराची यादी लिहावी असं मी कधीच म्हणणार नाही.

उद्याची यादी ज्यांना झोप लागत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५७ तरुणांपैकी निम्म्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी झालेल्या कामांची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण करून बघायला पैसा लागत नाही. यातून स्वतःची ओळख वगैरे होत नाही, डोकं तेवढं रिकामं होतं.

वही, फोन की आवाज

वहीचा गुण म्हणजे ती हळू आहे. हात मनाच्या मागे राहतो आणि तेवढ्यात मन जरा बसतं. शिवाय वाचताना अक्षरावरूनही कळतं, राग असला की माझं अक्षर उजवीकडे कलतं. शाळेची दोनशेपानी वही पुरते. महाग, जाड पुठ्ठ्याची वही घेऊ नका. तिच्यात खराब अक्षर काढायला, खरं लिहायला हात धजत नाही.

वहीचा दोष मी भोगलेला आहे. भरल्या घरात कपाटाला कुलूप नसतं. एकदा माझी वही सुट्टीत आलेल्या पाहुण्यांच्या हाती लागली आणि त्यातलं एक वाक्य चार माणसांत बोललं गेलं. त्यानंतर वर्षभर मी स्वतःशीही खोटं लिहीत होते, कोणी वाचलंच तर चालेल असं. ते लिखाण आज काही कामाचं नाही. म्हणून ज्यांच्या घरात वही सुरक्षित राहणार नाही त्यांनी मन घट्ट करून फोन निवडावा, किंवा मोकळं लिहिलेलं पान वाचून झाल्यावर चुलीत घालावं. लिहिल्याचा लाभ पान जाळल्यानं जात नाही. फक्त नोंदवहीतल्या एका ओळीत तारीख आणि विषय ठेवा, खतावणीला तेवढं पुरतं.

फोनमध्ये शोधता येतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. 'झोप' टाकलं की सहा महिन्यांच्या नोंदी समोर. खतावणी आपोआप मांडली जाते म्हणा ना. पण वेगळं कुलूप लावा. फोनच्या कुलपाची खूण घरातल्या लहान मुलांनाही पाठ असते. आणि लिहायला फोन उघडला की व्हॉट्सॲप दिसतं आणि दहा मिनिटं तिकडेच जातात. फोन निवडलात तर लिहिताना नेट बंद ठेवा.

तिसरा मार्ग आवाजाचा, आणि खान्देशात तरी तो दुय्यम मानू नये. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर आणि शेतात काम करता करता त्यांनी स्वतःच्या मनाचा जेवढा ठाव घेतला तेवढा शिकलेल्यांनाही क्वचित साधतो. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ते उतरवून ठेवलं म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, ते पुस्तकरूपानं लोकांपुढे आलं. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे, ज्यांचे डोळे थकलेत, जे दिवसभर ट्रॅक्टरवर असतात, त्यांनी फोनमध्ये दोन मिनिटं बोलून ठेवावं. अडचण एकच: आपलंच बोलणं परत ऐकायला कोणी बसत नाही. म्हणून रविवारी आठवड्याचं ऐकून तीन ओळी तरी कागदावर उतरवा. तेवढं होणार नसेल तर आवाजाचा मार्ग घेऊ नका.

भाषेचंही सांगते. 'मला राग आला' असं लिहिलं की मी शाळेत निबंध लिहितेय असं वाटतं. 'माले राग उना' लिहिलं की राग खरोखर उतरतो. अहिराणी असो, लेवा बोली असो, ज्या भाषेत आईशी भांडलात त्या भाषेत लिहा. ही वही कोणी तपासणार नाही.

कधी लिहू नये

लिहून उठल्यावर जड वाटणं पहिले एक-दोन दिवस साहजिक आहे. पण दोन आठवडे झाले, तीच गोष्ट तशीच लिहिली जातेय आणि मन जास्तच खचतंय, तर थांबा आणि माणसाशी बोला. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा विचार वहीत उतरला तर ती वही मिटवून लगेच कोणाला तरी जवळ बोलवा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जे काम माणसाचं आहे ते वहीवर सोपवू नये.

भाचीला मी शेवटी असं सुचवलं: हॉस्टेलमध्ये खोलीत तिघी, म्हणून फोन, वेगळ्या कुलपाचा. रोज चार ओळी, वॉर्डची ड्युटी संपल्यावर बसस्टॉपवर. मोकळं लिहिणं फक्त फारच अडकलं तर. आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी खतावणी, ती मात्र कागदावर.

परवा तिचा मेसेज आला. 'मावशी, आज मांडलं. नऊ वेळा घाबरले लिहिलंय. मला वाटायचं मला इंजेक्शन द्यायची भीती आहे. इंजेक्शनच्या दिवशी एकदाच आहे. बाकी आठ वेळा सगळ्यांसमोर मला नावानं हाक मारून प्रश्न विचारला तेव्हा.' खाली तिनं त्या पानाचा फोटो पाठवला होता. आठ तारखा एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात, कोण उभं होतं त्यांची नावं.