इलेक्ट्रो, कॅनोनेट की झोर्की? रत्नागिरीच्या हवेत तीन जुने रेंजफाइंडर

भाचा गुहागरला शिक्षक आहे. गेल्या गणपतीत आला तेव्हा माझ्या कपाटातले तीन जुने फिल्म कॅमेरे त्याला दिसले (तिन्ही रेंजफाइंडर, म्हणजे खिडकीतली दोन चित्रं जुळवून फोकस करायचे) आणि त्याने सरळ विचारलं, "मामा, ह्यातला कुठला देतोस?" द्यायचा की नाही ते नंतर. त्याला कुठला झेपेल हे सांगायचं तर तिन्ही पुन्हा उघडणं, साफ करणं आणि प्रत्येकात एकेक रोल मारून बघणं भाग होतं. दिवाळी ते शिमगा हाच उद्योग केला. समुद्राजवळ राहून असा कॅमेरा विकत घ्यायचा किंवा घरातला दुरुस्त करायचा तुमचा विचार असेल, तर हे तुमच्याही उपयोगाचं.

याशिका इलेक्ट्रो 35 जीएसएन थोरल्या काकांचा. ते बोटीवर होते. आपल्याकडे ज्या घरातलं कोणी बोटीवर किंवा आखातात होतं, त्या घराच्या ट्रंकेत हा कॅमेरा निघाला तर नवल नाही. इलेक्ट्रो 35 बाजारात आला 1966 मध्ये, जीएसएन हे मॉडेल 1973 चं. कॅननचा कॅनोनेट क्यूएल17 जी-थ्री 1972 चा, तो मी ऑनलाइन घेतला. झोर्की 4 सोव्हिएत, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला. 1956 पासून 1973 पर्यंत हे मॉडेल बनत होतं. माझा मित्राने मुंबईच्या चोरबाजारातून आणला आणि महिन्याभरात वैतागून मला दिला. (त्याच बाजारात सोनेरी मुलाम्याची 'लायका', म्हणजे तो महागडा जर्मन कॅमेरा, हीही दिसते. ती बहुतेक वेळा झोर्कीची नाहीतर फेड ह्या दुसऱ्या सोव्हिएत कॅमेऱ्याचीच सजवलेली बहीण असते, तिला भुलू नका.)

लेन्सवरून मी वेळ घालवणार नाही. याशिकाची 45 मिमी एफ/1.7, कॅननची 40 मिमी एफ/1.7, झोर्कीवरची ज्युपिटर-8 ही 50 मिमी एफ/2 (एफ/ पुढचा आकडा लहान, तितका उजेड जास्त). तिन्ही उत्तम. इथे प्रश्न फोटो कोण चांगला काढतो हा नाहीच. कुठल्या कॅमेऱ्याचं कुठलं दुखणं तुम्ही वर्षानुवर्षं सांभाळू शकाल, हा आहे.

आधी बुरशी

आषाढात चपलांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर जी चढते, तिचीच ही जात. लेन्सच्या काचेवर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्यातून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. एकदा लेप गेला की बुरशी पुसली तरी खूण राहते. कॅमेरा घेताना मागचं झाकण उघडा, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडं ठेवा, शटर बी वर (बटण दाबून ठेवलं तोवर उघडं) धरून मागून टॉर्च मारा. समोरून नुसतं बघितलं तर काहीच दिसत नाही आणि विकणारा तेवढंच दाखवतो.

ह्या बाबतीत झोर्की सगळ्यांत सुखाचा. लेन्स आट्यांवरून फिरवून हातात घेता येते, दोन्ही बाजूंनी बघता येते. इलेक्ट्रो आणि कॅनोनेटच्या लेन्सा कायमच्या बसवलेल्या, आणि शटर लेन्सच्या पोटात. पुढची नावाची रिंग रबरी बूच दाबून फिरवली की सुटते आणि पुढची काच साफ होते. मागच्या काचांवर बुरशी असेल तर मात्र काम वाढलं. कॅनोनेटवर माझं नशीब चांगलं, बुरशी पुढच्याच काचेच्या आत होती. मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया सारखं घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून, कापसाच्या काडीने पुसली. एका कडेला बारीक धागा राहिला. फोटोत दिसत नाही, फक्त सूर्य चौकटीत आला की चित्र थोडं फिकट पडतं.

इलाजापेक्षा डबा स्वस्त. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल, आणि कॅमेरा चामडी कव्हराशिवाय. चामडं ओल धरून बसतं. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येते. पण निळी जेल असेल तर त्यासाठी स्वयंपाकाची कढई घेऊ नका, त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं.

इलेक्ट्रो: खटका वाजतो का?

इलेक्ट्रोमध्ये तुम्ही फक्त ॲपर्चर ठरवता, शटर किती वेळ उघडं राहील ते कॅमेरा ठरवतो, 30 सेकंदांपासून 1/500 पर्यंत. लाल बाण दिसला तर उजेड जास्त, पिवळा दिसला तर शटर मंद, हात स्थिर ठेवा. ज्याला आकड्यांचा कंटाळा आहे त्याला ह्याहून सोपा कॅमेरा नाही. पण सेल संपला की कॅमेरा एकाच वेगावर अडकतो, 1/500. हाताने वेग निवडायची सोय नाही.

त्याचं प्रसिद्ध दुखणं म्हणजे आतला एक छोटा रबरी तुकडा. फिल्म पुढे ओढायचा दांडा फिरवताना शेवटाकडे आतून जाडसर 'ठक्' असा आवाज यायला हवा. नाही आला, तर ते रबर कुजलं, आणि मग शटरची यंत्रणा दर फोटोनंतर जागेवर परत येत नाही. कॅमेरा बाहेरून ठणठणीत दिसतो, फोटो मात्र चुकतात. काकांच्या कॅमेऱ्याचा खटका गेला होता. मुंबईतल्या एका दुरुस्तीवाल्याने दीड महिना ठेवून "झालं" म्हणून परत पाठवला. पार्सल फोडून दांडा ओढला, आवाज नाहीच. दुसऱ्याने केला. तेव्हापासून माझा नियम: पैसे देण्याआधी फोनवर दांडा ओढून ऐकवायला सांगायचं.

सेलचं त्यामानाने सोपं. मूळचा 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. एलआर44 चे चार सेल कागदाच्या नळीत एकावर एक ठेवले की 6 व्होल्ट होतात. उरलेली जागा बॉलपेनच्या स्प्रिंगने भरायची. एवढ्या जादा व्होल्टने ह्याला काही होत नाही. त्यापेक्षा सेलच्या खोबणीतला हिरवा गंज बघा. आपल्याकडे तांब्याची भांडी आमसुलाने लखलखतात, म्हणून इथेही कोणी तो प्रयोग करेल. करू नये. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर, मग स्पिरिट, आणि पूर्ण सुकल्यावरच सेल. गंज वायरीत उतरला असेल तर ती बदलावीच लागते.

कॅनोनेट: कमी नखरे

इथे उलटं. तुम्ही वेग निवडता, 1/4 ते 1/500, आणि रिंग 'ए' वर असली की ॲपर्चर कॅमेरा निवडतो. उजेड फार कमी किंवा फार जास्त असेल तर बटण दाबलंच जात नाही. सुरुवातीला वाटतं कॅमेरा बिघडला. मग कळतं की त्याने एक फोटो वाचवला. रोल आणि त्याचं धुणं-स्कॅनिंग मिळून खर्च सहज हजाराच्या वर जातो, तेव्हा हा गुण मोठा. 'ए' सोडून हाताने वापरला तर उजेड मोजणारं मीटर बंद, पण बाकी सगळं सेलशिवाय चालतं. इलेक्ट्रोपेक्षा हा मला जास्त भरवशाचा वाटतो तो इथे.

ह्याचाही सेल पाऱ्याचाच होता, 1.35 व्होल्टचा. कानाच्या मशीनला लागणारा 675 नंबरचा झिंक-एअर सेल 1.4 व्होल्ट देतो, तो चालतो. आकाराने लहान, म्हणून भोवती रबरी रिंग घालावी लागते. स्टिकर काढला की वापरा न वापरा, काही आठवड्यांत तो उतरतोच.

कॅनोनेटचं नेहमीचं दुखणं शटरच्या पात्यांवर येणारं तेल. पाती चिकटतात, बटण दाबलं तरी उघडत नाहीत. पुढची काच काढून लायटरच्या पेट्रोलचे एखाद-दोन थेंब काडीवर घेऊन पुसायचं, सुकू द्यायचं, शटर मारायचं, पुन्हा पुसायचं. माझ्याकडे चार वेळा करावं लागलं. रॉकेल नको, ते तेलकट राहतं. आणि गंजलेल्या कुलपात खोबरेल सोडायची आपली सवय इथे विसरा. मागच्या झाकणाच्या कडेचा फोम काळ्या डांबरासारखा झाला होता. तो खरवडून काळी वेलवेट आणि लोकर चिकटवली. शिंप्याकडचे तुकडे पुरतात.

एक आगाऊ सल्ला: कॅमेरा ओट्यावर उघडू नका. जांभ्याच्या भोकात गेलेला स्क्रू परत येत नाही. माझा एक अजून तिथेच आहे. खाली पांढरी चादर, शेजारी चुंबक.

फिल्टर लावणाऱ्यांसाठी एक फरक. कॅनोनेटचा प्रकाश मोजणारा डोळा लेन्सच्या रिंगमध्येच, फिल्टरच्या आत आहे, त्यामुळे पिवळा फिल्टर लावला तरी हिशेब आपोआप होतो. इलेक्ट्रोचा डोळा वरच्या भागात, बाहेर, तिथे आयएसओची (फिल्म उजेडाला किती संवेदनशील, त्या आकड्याची) चकती तुम्हीच फिरवायची. खाऱ्या तुषारांपासून लेन्स वाचवायला साधा यूव्ही फिल्टर हवाच. इलेक्ट्रोचा 55 मिमी सहज मिळतो, कॅनोनेटचा 48 शोधावा लागतो.

झोर्की: सेल नाही, मीटर नाही, क्षमा नाही

शटर कापडी पडद्यांचं, 1 सेकंद ते 1/1000, सगळं यांत्रिक. उजेड तुम्ही ओळखायचा: भर उन्हात एफ/16 आणि वेग फिल्मच्या आयएसओच्या आसपास, म्हणजे 400 च्या फिल्मला 1/400 च्या जवळचा. दोन रोलमध्ये अंदाज बसतो. पण दोन नियम मोडायचे नाहीत. फिल्म ओढून शटर भरल्याशिवाय वेगाची चकती फिरवायची नाही, आतले दाते मोडू शकतात. आणि झाकण न लावता लेन्स उन्हाकडे करून कॅमेरा ठेवायचा नाही. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूवर) पाच मिनिटं विसरलात की भिंगाने कागद जळावा तसं पडद्याला भोक पडतं. पुढच्या प्रत्येक फोटोत एक पांढरा ठिपका. इलेक्ट्रो-कॅनोनेटला ही भीती नाही, त्यांची पाती धातूची.

फिल्म भरताना झोर्कीचं मागचं आणि खालचं झाकण एकत्र सुटून हातात येतं. ते ठेवायचं कुठे? मांडवीच्या वाऱ्यात उभं राहून एकदा करून बघा. कॅनोनेटमध्ये फिल्मचं टोक खुणेपर्यंत ओढून झाकण लावलं की झालं, क्यूएल म्हणजे तेच, क्विक लोडिंग. झोर्कीला ओढायचा दांडाही नाही, गोल गुंडी आहे. शिमग्यात पालखी नाचत होती तेव्हा मी गुंडीच फिरवत राहिलो.

करून बघताना

रेंजफाइंडरमध्ये दोन खिडक्यांतून येणारी दोन चित्रं एकमेकांवर बसली की फोकस झाला. ही जुळणी तपासायला आम्हा रत्नागिरीकरांना दीपगृह आहे. लेन्स अनंतावर ठेवा, दूरच्या दीपगृहाचे दोन मनोरे एक झाले पाहिजेत. कॅनोनेटमध्ये किंचित सरकलेले होते, वरचं झाकण काढून एका स्क्रूने जुळले. आतला अर्धपारदर्शक आरसा मात्र पुसू नका, त्याचा मुलामा कापसाबरोबर निघून येतो. मधला ठिपका फिकट असेल तर समोरच्या खिडकीच्या मध्यभागी गडद पारदर्शक टेपचा छोटा तुकडा लावा, फरक लगेच कळतो.

शटरच्या वेगासाठी फोनचा स्लो मोशन पुरतो. सेकंदाला 240 चौकटींच्या व्हिडिओत 1/30 ला शटर साधारण आठ चौकटी उघडं दिसावं, 1/60 ला चार. माझ्या झोर्कीचं शटर 1/30 ला जवळजवळ दुप्पट वेळ उघडं राहिलं, जुनं ग्रीस घट्ट झालेलं. त्याहून वेगवान आकडे असे मोजता येत नाहीत, त्यासाठी रोलच घालावा लागतो.

तिन्हींत 400 ची फिल्म घातली. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर सकाळच्या गर्दीत इलेक्ट्रो सगळ्यांत चपळ निघाला, शटरचा आवाज इतका कमी की कोणी मान वर केली नाही. दुपारी पुळणीवर मात्र त्याचा लाल बाण विझेना, 400 ला 1/500 कमी पडतं आणि ॲपर्चर उघडताच येत नाही. तिथे झोर्कीचा 1/1000 कामाला आला. माजघरात समईच्या उजेडात कॅनोनेट जिंकला. एसएलआर कॅमेऱ्यासारखा बटण दाबताना आतला आरसा उडत नसल्यामुळे 1/15 लाही हात स्थिर राहतो, आणि मावशीच्या चेहऱ्याचा एक फोटो असा आलाय की तो फ्रेम केला.

तर हिशेब असा. घरात इलेक्ट्रो असेल आणि खटका वाजत असेल, तर दुसरीकडे पैसे घालू नका. त्याचा पूर्वेतिहास तुम्हाला माहीत आहे, विकतच्या कॅमेऱ्याचा नसतो. खटका नसेल तर दुरुस्तीचा भाव विचारून ठरवा. विकत घ्यायचाच असेल तर कॅनोनेट, साफ काचांचा, मीटर मेलेला असला तरी चालेल. झोर्की मी कुणाला पहिला कॅमेरा म्हणून सुचवणार नाही.

भाच्यालाही कॅनोनेटच काढून ठेवला होता. त्याने झोर्की उचलला. लेन्स काढून, मागचं झाकण उघडून वर्गातल्या पोरांना पडदा कसा पळतो ते दाखवता येईल म्हणाला. चकतीचा नियम मी कागदावर लिहून झाकणाला चिकटवून दिलाय, लाल शाईत.