नारदाची तबकडी, अठराशे रुपयांची

जुन्या गाण्यांच्या तबकडीच्या पिशवीवर दुकानदाराने पेन्सिलीने 'व्हीजी प्लस', म्हणजे चांगल्या अवस्थेतली, असं लिहिलं होतं. घरी आणून लावली तर पहिल्या बाजूला कढईत भजी सोडल्यासारखा आवाज. दिव्याखाली तिरपी धरली तेव्हा नखभर ओरखडा दिसला. दुकानाचं नाव घेत नाही, पण ट्यूबलाइटच्या उजेडात जुना माल घेऊ नका, एवढं सांगतो.

मग चरफडत उलटली. दुसऱ्या बाजूचं पहिलंच 'कॉस्मिक स्ट्रट', जेमतेम साडेतीन मिनिटांचं. पैसे तिथेच फिटले.

ही जॅझ-रॉक वाजवणाऱ्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडची 1975ची 'व्हिजन्स ऑफ द एमराल्ड बियाँड'. आधीचा ड्रमर बिली कॉबम गेल्यावर त्याच्या जागी बँडचा म्होरक्या, गिटारवाला जॉन मॅक्लॉफलिन याने अमेरिकेतल्या मिशिगनच्या कॅलामझूचा 21-22 वर्षांचा मायकेल वॉल्डन आणला. मॅक्लॉफलिन आणि वॉल्डन दोघांचे आध्यात्मिक गुरू एकच, श्री चिन्मय. वॉल्डनला 'नारद' हे नाव त्यांनीच दिलेलं. बाकी तबकडीभर मॅक्लॉफलिनचे अवघड ताल आणि ज्याँ-लुक पाँटीचं व्हायोलिन आकाशात. हे एक गाणं मात्र जमिनीवर चालतं, कारण ते ड्रमरनेच बांधलंय. स्नेअरचे, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमचे, मोठे फटके सगळ्यांना ऐकू येतात. मी कान लावला तो त्यांच्या मधल्या बारीक काठीला, म्हणजे जेमतेम ऐकू येणाऱ्या हलक्या ठोक्यांना, तबल्यात भरीचे बोल असतात तसे. ती काढली तर फंकचा, म्हणजे या ठेक्यावर नाचवणाऱ्या संगीताचा, नुसता लेझीम होईल.

मी एकतीस वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम्स आणि पुढे ऑक्टोपॅड (ड्रम्सचे आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवला. 88 साली वसईच्या लग्नांत व्हिटनी ह्यूस्टनचं 'आय वॉना डान्स विथ समबडी' रोज व्हायचं. आमचे कीबोर्डवाले दम द्यायचे, "सरळ वाजव. मध्ये हात घालू नको!" कॅसेटच्या कागदावर निर्माता म्हणून 'नारद मायकेल वॉल्डन' छापलेलं. मला वाटायचं, कुणी गुजराती शेठ असेल. तो हाच, हे कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले.

तिथे त्याची काठी कुठे गेली? ड्रम मशीनच्या काउबेलमध्ये, म्हणजे घंटेसारख्या टणटण आवाजात. तक्रार नाही माझी. ड्रमर निर्माता झाला की पहिल्यांदा स्वतःचाच हात बांधतो, आणि ते सगळ्यांना जमत नाही. मला तर लग्नातही जमलं नाही. पण हा नुसता ठोकणारा कधीच नव्हता. 1976 मध्ये गिटारवादक जेफ बेकच्या 'वायर्ड' या अल्बममधल्या आठपैकी चार रचना याच्या. गाण्याची चाल कुठे दमते, कुठे श्वास मागते, हे चाल बांधणाऱ्यालाच कळतं. व्हिटनीचं 'हाऊ विल आय नो' हातात आलं तेव्हा तो गायिका अरेथा फ्रँकलिनच्या कामात होता, तरी त्यातले अंतरे बदलून घेतले आणि मगच केलं. अरेथाच्या त्यानेच केलेल्या 'फ्रीवे ऑफ लव्ह'मध्ये सॅक्सोफोनला क्लॅरन्स क्लेमन्ससारखा नामी वादक. 1987च्या कामासाठी वर्षाच्या सर्वोत्तम निर्मात्याचं ग्रॅमीही मिळालं. मराया केरीचं 'व्हिजन ऑफ लव्ह' वगैरे पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

तबकडीबद्दल थोडं. खर्ज भरपूर आहे, त्यामुळे छोट्या स्पीकरवर बँडमधल्या आर्मस्ट्राँगचा बास गिटार गुरगुरतो. स्पीकर कपाटावरून खाली उतरवून भिंतीपासून हातभर पुढे ओढले तेव्हा मोकळा झाला. गायनाचे भाग मला फिके वाटले. कव्हरची कड फाटलेली, ती डिंकाने चिकटवली. कुणाला फक्त व्हिटनीच आवडत असेल तर ही घेऊ नका, पैसे वाया जातील. ड्रम्स शिकणाऱ्या पोराने मात्र दुसरी बाजू लावून त्या बारीक काठीवर मांडीवर हात धरून बघावा. मला अजून तिसऱ्या आवर्तनात घसरायला होतं.

दुकानदाराकडे परत गेलो होतो. ओरखड्याचं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने व्हिटनीची 87ची तबकडी पुढे सरकवली. या वेळी दारात नेऊन उन्हात बघितली. पाचशेला म्हणाला, साडेतीनशेला दिली.