जुनी रायफल ‘नवी कोरी’ करून देणाऱ्यांपासून जपा

आमच्या काकांच्या लायसन्सवर एक दुनळी रायफल आहे. पणजोबांनी ती बर्मिंगहॅमहून स्वतःच्या मापानं बनवून घेतली होती. दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाची, लांबी, वाक, सगळं त्यांच्या खांद्याला बेतलेलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली आणि दाजीपूरच्या रानात फिरलेली ही रायफल पेटीत गेली. निवडणुका आल्या की ती ठाण्यात जमा व्हायची. तिथल्या ओलीनं नळ्यांना गंज धरला, म्हणून काकांनी ती इथल्याच एका दुकानात दिली.

‘बिनघोर ऱ्हावा काका, नवी कोरी करून देतो,’ असं दुकानदार म्हणाला. भिंतीवर लायसन्स टांगलेलं होतं. ऐंशी हजार ठरले, त्यातले पन्नास आधीच घेतले.

रायफल परत आली ती लखलखत. पण कोरीवकामातल्या काळविटाची शिंगं बोथट दिसत होती. बफिंगच्या चाकावर धरून त्यानं लोखंडाचा वरचा थरच खाल्ला होता. प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के पुसट झालेले, नंबराचे शेवटचे आकडे तर भिंगाशिवाय लागेनात. एका जाणत्या कारागिरानं नळ्या काढून, त्यांच्या खालच्या हुकात बोट अडकवून त्या अधांतरी धरल्या आणि टिचकी मारली. चांगल्या नळ्या पक्क्या मडक्यासारख्या खणखणतात; या घरघरल्या. दुनळीच्या नळ्यांमधली पट्टी कथलाच्या डाखानं जोडलेली असते. गरम क्षारांच्या टाकीत बुडवून ब्लूइंग (लोखंडावर निळसर काळा थर चढवणं) केलं की तो डाख खाल्ला जातो. अशा नळ्यांना हळूहळू गंज चढवून, घासून केलेलं जुन्या पद्धतीचंच ब्लूइंग लागतं. त्याला वेळ लागतो, आणि याला तर पैसे झटपट हवे होते.

खरी चोरी पुढं कळली. बटप्लेटचे, म्हणजे दस्त्याच्या टोकाला लावलेल्या पट्टीचे, स्क्रू काढले, तर आत लाकूड पांढरंफट्ट! वर अक्रोडासारखा रंग आणि जाड व्हार्निश. पणजोबांच्या मापाचा दस्ताच बदललेला होता.

काकांची झोप उडाली ती मात्र नंबरामुळं. शस्त्र कायदा १९५९, कलम ८: नंबर पुसलेलं हत्यार ज्याच्याकडे सापडतं, त्यानंच तो पुसला असं कायदा धरून चालतो, तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. आयुष्यभर नियमानं लायसन्स रिन्यू करणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर ही वेळ यावी, याचा मला अजून संताप येतो. आम्ही लगेच पोलिसांत लेखी अर्ज दिला. चौकशीत कळलं की भिंतीवरचं लायसन्स फक्त विक्रीचं होतं. दुरुस्तीला वेगळी परवानगी लागते आणि ती लायसन्सवर लिहिलेली असते. तेवढी ओळ आधी वाचा. हत्यार देताना नंबर, शिक्के, कोरीवकाम आणि बटप्लेटच्या आतलं लाकूड यांचे फोटो काढा, पावतीवर नंबर लिहून सही घ्या. बफिंग आणि गरम ब्लूइंग करणार नाही, हेही त्याच पावतीवर घ्या. ‘विश्वास नाही का आमच्यावर?’ असं कोणी विचारलं तर हत्यार घेऊन सरळ घरी या.

दस्ता अजून मिळालेला नाही. गडद अक्रोड, काळ्या शिरा, खालच्या बाजूला चांदीची छोटी लंबगोल पट्टी आणि तिच्यावर मोडी लिपीत दोन अक्षरं. कुणाकडे असा दस्ता विकायला आला, तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.