पेटी चरखा: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्यातून गिरणीबद्दल जे कळलं ते

हा चरखा मी घेतला तो एका जुन्या प्रश्नासाठी. आमच्या घरातल्या दोन पिढ्या परळ-लालबागच्या गिरण्यांत राबल्या. आजोबा साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. गिरणीने आपलं भलं केलं की वाटोळं, यावर घरात कधी एकमत झालं नाही. पुस्तकं वाचून दोन्ही बाजू पटायच्या. गिरणी येण्याआधी सूत कसं निघायचं ते हाताने करून बघावं, असं फार दिवस मनात होतं.

आधी वस्तूबद्दल. पेटी मिटली की एका हातात धरून गावाला नेता येते. आत मोठं चाक, वेग वाढवणारं लहान चाक आणि चाती, म्हणजे जिच्यावर सूत पिळलं आणि गुंडाळलं जातं ती बारीक सळई. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना या घडीच्या चरख्यावर बरंच काम केलं, म्हणून याला येरवडा चक्रही म्हणतात. लाकूडकाम उत्तम आहे, बिजागऱ्या अजून घट्ट आहेत. चाती मात्र किंचित वाकडी आली. चाती वाकडी असली की ती थरथरते आणि धागा हमखास तुटतो. दुकानाने बदलून दिली नाही, दुसरी वेगळी विकत घ्यावी लागली. पावसाळ्यात चाकं फिरवणाऱ्या दोरीचा ताण सारखा बदलतो, म्हणून जादा दोरी जवळ ठेवा. आणि पेळू, म्हणजे कातायच्या पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, चांगलेच घ्या. कचरा राहिलेल्या पेळूपुढे चांगला चरखाही हतबल होतो.

आता कातण्याबद्दल. उजवा हात चाक फिरवतो, डाव्या हातातला पेळू चातीपासून मागे मागे न्यायचा. पीळ कमी पडला तर धागा सुटतो, जास्त पडला तर गाठी येतात. तुटला की दोन्ही टोकांचे तंतू जरा विसकटायचे, एकमेकांवर ठेवायचे, चिमटीत धरून पीळ जाऊ द्यायचा. हे सांधणं जमायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आता हात बसला आहे, तरी तासाला दोनशे-अडीचशे मीटरच्या पुढे मी जात नाही.

खरा धक्का इथे बसतो. हजार मीटरची एक गुंडी. साधारण वीस नंबरच्या सुताचं (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) एक चौरस मीटर कापड विणायचं तर अंदाजे चार गुंड्या लागतात. म्हणजे माझ्या वेगाने सोळा तास, आणि ते फक्त कातण्याचे. सरकी काढणं, पिंजणं, विणणं यात धरलेलंच नाही. नऊवारी लुगड्याचा हिशेब केला तर दीडशे तास होतात. रोज दोन तास कातलं तरी अडीच महिने. एक लुगडं अंगावर आणि एक वाळत, एवढंच बाईच्या वाट्याला का येत असे, हे हा हिशेब केल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं.

म्हणून स्पष्ट लिहितो: स्वस्त कापड हा गरिबाला झालेला फार मोठा फायदा होता. त्याला चैन म्हणून हिणवणाऱ्यांनी आठवडाभर कातून बघावं. इंग्लंडमध्येही धुता येणारे सुती कपडे साध्या मजुराच्या अंगावर आले ते गिरणीमुळेच.

आकडे बघा. ऐंशी नंबरचं बारीक सूत शंभर पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो, कातायला अठराव्या शतकातल्या भारतीय हातांना ५०,००० तास लागत, असा हिशेब कापडउद्योगाच्या इतिहासात दिला जातो. तासाला सव्वाशे मीटर पडतात, आणि स्वतः कातून बघितल्यावर बारीक सुतासाठी हा वेग मला पटतो. इंग्लंडमध्ये क्रॉम्प्टनच्या म्यूल या कातण्याच्या यंत्रावर १७८०च्या सुमारास हेच काम २,००० तासांवर आलं. १८२५च्या सुमारास रॉबर्ट्सच्या स्वयंचलित म्यूलवर ते १३५ तासांत होऊ लागलं.

पन्नास हजारांतले जवळजवळ सगळे तास वाचले. ते गेले कुणाकडे? कातणाऱ्यांकडे नक्कीच नाही. १८२८ साली 'समाचार दर्पण' या बंगाली पत्रात शांतिपूरच्या एका कातणाऱ्या विधवेचं पत्र छापलं गेलं. सूत कातून तिने घर चालवलं होतं. मग विलायतेहून तिच्यापेक्षा स्वस्त सूत आलं आणि गिऱ्हाईक तुटलं. हे पत्र मी चरखा येण्याआधीही वाचलं होतं. आता वाचताना तिच्या एकेका गुंडीमागचे तास दिसतात. आणि तिचं नुकसान करणारं तेच स्वस्त सूत हातमागवाल्याला मात्र उपयोगी पडलं. आपल्याकडचे कितीतरी माग पुढे गिरणीच्या सुतावरच चालले. म्हणजे एकाच घरात कातणाऱ्या बाईचा धंदा बुडाला आणि विणणाऱ्या पुरुषाचा काही काळ तगला, असंही झालं असणार. 'सामान्य माणसाचा फायदा-तोटा' असं एका दमात म्हणू नये, ते यासाठी.

यंत्रावर राबणाऱ्याचे तासही वाचले नाहीत, उलट वाढले. मी निवांत बसून जे सांधतो, ते सांधण्याचं काम इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांत लहान मुलं चालत्या यंत्राबरोबर पुढेमागे चालत दिवसभर करत. १८३३च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत बंदी झाली. कायदा करावा लागला, यावरूनच आधी काय चालत होतं ते समजा. मजुरांच्या आरोग्यावरच्या १८४२च्या चॅडविकच्या अहवालात मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांचं मृत्यूचं सरासरी वय १७ नोंदलं आहे आणि ग्रामीण रटलंडच्या मजुरांचं ३८. तान्ही मुलं भराभर दगावत, म्हणून आकडा इतका खाली. शहरात मजुरी जास्त मिळत होती, आणि पोरं मरत होती.

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे कोकणातून, घाटावरून माणसं येत राहिली. कोरडवाहू तुकड्यावर न भागणाऱ्या घराला महिन्याला रोख पैसा मिळू लागला, आणि मनीऑर्डरवर गावाकडची घरं उभी राहिली. आमचंही राहिलं. त्याबद्दल मला गिरणीची कृतज्ञता आहे. पण सुरुवातीला काम सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चाले, आणि विजेचे दिवे आल्यावर ती मर्यादाही गेली. १८८१चा पहिला कारखाना कायदा तासांच्या बाबतीत फक्त मुलांपुरता होता. मोठ्या माणसाच्या तासांना त्यात हात लावलेला नव्हता.

कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. आठवड्याची सुट्टी हवी, दुपारी जेवायला अर्धा तास हवा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणी सुरू होऊन तेव्हा जवळजवळ तीन तपं झाली होती. वाचलेल्या तासांपैकी एक दिवस कामगाराच्या हाती यायला इतकी वर्षं लागली, आणि तोही भांडून मिळाला. आठवड्याला ६० तासांची मर्यादा यायला १९२२ उजाडलं.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. गिरणीत जात गळून पडली, असं बरेच जण सांगतात. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, कांडी (सुताची गुंडाळी) बदलताना धागा तोंडाने ओढून धोट्यातून, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या साधनातून, काढावा लागे. विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना त्या खात्यात शिरू दिलं जात नसे, आणि पगार तिथेच चांगला होता. ते कमी मजुरीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात, अडकून पडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. माझ्या आजोबांना ज्या खात्याचा पगार मिळाला, त्याचं दार दुसऱ्या कुणासाठी बंद होतं, हे आमच्या घरात कधी बोललं गेलं नाही. बोललं जायला हवं होतं.

चरखा घ्यावा का? कापडासाठी घेणार असाल तर हिशेब वर दिलाच आहे. मन शांत करायला घेणार असाल तर जरूर घ्या, पण आधी चाती सपाट काचेवर लोळवून सरळ आहे का ते बघा. माझी मुख्य शिफारस आहे ती इतिहास शिकवणाऱ्यांसाठी. वर्गात एक चरखा ठेवा, मुलांना पाळीपाळीने तासभर कातू द्या, निघालेलं सूत मोजा. मग फळ्यावर ५०,००० आणि १३५ हे दोन आकडे लिहा, शेजारी १८५६ आणि १८९० ही दोन सालं लिहा, आणि मधल्या चौतीस वर्षांत गिरणीतल्या माणसाचा दिवस किती तासांचा होता ते मुलांना शोधून काढू द्या.