मुरमांचे खड्डे: मायक्रोनीडलिंग, लेझर, पील की घरचा रोलर?

खिडकीजवळ असे उभे राहावे की उजेड समोरून न येता कडेने गालावर पडेल. आरसा हातभर अंतरावर धरावा आणि खड्डे असलेली त्वचा दोन बोटांनी अलगद ताणून पाहावी. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कोणत्या दवाखान्यात कोणते नवे मशीन आले आहे याची चौकशी त्यानंतर करावी, कारण आपल्याला कोणता उपचार लागू पडेल याचे निम्मे उत्तर या आरशातच मिळते. गुडमन आणि बॅरन यांनी २००६ मध्ये मुरमांच्या व्रणांची जी चार पायऱ्यांची प्रतवारी मांडली, तीही अशाच साध्या निरीक्षणावर उभी आहे. पहिल्या पायरीवर त्वचा सपाट असते, फक्त रंग बदललेला असतो. दुसऱ्या पायरीचे व्रण अर्ध्या मीटरवरून चटकन लक्षात येत नाहीत आणि मेकअपने किंवा दाढीने झाकले जातात. तिसऱ्या पायरीचे व्रण तेवढ्या अंतरावरूनही दिसतात, पण त्वचा ताणली की सपाट होतात. चौथ्या पायरीचे ताणूनही जात नाहीत.

मायक्रोनीडलिंगचा, म्हणजे बारीक सुयांनी त्वचेत छिद्रे पाडण्याच्या उपचाराचा, खरा उपयोग मधल्या दोन पायऱ्यांवर आहे. ज्याला खड्डे नसून केवळ काळपट डाग आहेत, त्याने सुयांच्या वाटेला जाण्याआधी सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेली मलमे काही महिने नेमाने लावून पाहावीत. असे डाग बहुधा हळूहळू फिके होतात. बोलताना आपण खड्ड्यांनाही डागच म्हणतो, आणि पैसे वाया जाण्याची सुरुवात बऱ्याचदा या एका शब्दापासून होते.

कॉलेजच्या वयात पडलेल्या खड्ड्यांवर मी स्वतः चार सिटिंग घेतल्या आहेत, आणि आता तालमीत जाणारा माझा भाचा तेच विचारतो आहे. पुढचे लेखन प्रामुख्याने त्याच्यासारख्या, अजून काहीच न ठरवलेल्या माणसासाठी आहे.

सुया नेमके काय करतात

उपचाराची कल्पना विचित्र वाटावी इतकी साधी आहे. बारीक सुयांनी त्वचेत ठरावीक खोलीपर्यंत असंख्य छिद्रे पाडायची, आणि त्या जखमा भरून काढताना शरीर जे नवे कोलॅजन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) तयार करते त्यावर खड्ड्याचा तळ वर येऊ द्यायचा. १९९७ मध्ये कामिरांड आणि डुसे यांनी शाई न भरलेल्या गोंदणाच्या यंत्राने व्रण सुधारल्याची नोंद केली. पुढे दक्षिण आफ्रिकेतील शल्यविशारद डेस फर्नांडिस यांनी सुया लावलेला रोलर प्रचारात आणला. आज दवाखान्यांत बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारे पेन वापरतात. रोलरची सुई त्वचेत तिरपी शिरते आणि तिरपी बाहेर येते, त्यामुळे थोडे ओरखडते. पेनची सुई सरळ खालीवर होते आणि तिची खोली जागेप्रमाणे कमीजास्त करता येते. गालावर साधारण १.५ ते २ मि.मी., तर कपाळावर आणि डोळ्यांभोवती त्याहून बरीच कमी, असा हिशेब असतो.

प्रत्यक्ष अनुभव सांगायचा तर सर्वांत कंटाळवाणा भाग सुन्न करणाऱ्या मलमाचा आहे. चेहऱ्यावर जाड थर देऊन वरून स्वयंपाकघरात वापरतात तशी प्लॅस्टिकची पातळ फिल्म लावतात आणि पाऊण ते एक तास बसवून ठेवतात; ओठाची कड बधिर झाल्यामुळे त्या काळात पाणीसुद्धा नीट पिता येत नाही. पेन फिरू लागले की दाढीच्या मशीनसारखी घरघर ऐकू येते, गालावर फक्त थरथर जाणवते, पण कपाळ आणि वरचा ओठ येथे डोळ्यांत पाणी येते. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटले की डॉक्टर थांबतात. त्या संध्याकाळी चेहरा भर उन्हात रंकाळा तलावाला दहा फेऱ्या मारून आल्यासारखा लाल आणि तापलेला असतो. लाली दोन ते तीन दिवसांत उतरते, त्वचा थोडी कोरडी पडून बारीक सोलते, आणि नंतर काही दिवस काहीच झालेले नाही असे वाटते.

हा काळच मनाची परीक्षा पाहणारा आहे. सुरुवातीला जो गुळगुळीतपणा दिसतो तो बराचसा सुजेचा असतो; ती उतरली की खड्डे पुन्हा जिथल्या तिथे दिसतात आणि माणूस फसवले गेल्याच्या भावनेने दुसरी सिटिंग टाळतो. नवे कोलॅजन तयार होऊन पक्के व्हायला तीन ते सहा महिने लागतात. म्हणून चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा सिटिंग सांगितल्या जातात, आणि निकाल शेवटच्या सिटिंगनंतर काही महिन्यांनी पाहायचा असतो. प्रतवारीत एखाद-दुसरी पायरी खाली येणे हे चांगले यश समजावे. खड्डे उथळ होतात, त्यांच्या कडा मवाळ होतात. पुसले जात नाहीत. माझ्या गालावरचे रुंद, लाटांसारखे खड्डे स्पष्टपणे कमी झाले, आणि नाकाजवळचे सुईने टोचल्यासारखे दोन खोल खड्डे आजही तसेच आहेत. हे अपेक्षितच होते: असे अरुंद आणि खोल खड्डे सुयांना दाद देत नाहीत. त्यांच्या तळाशी तीव्र टीसीए आम्लाचा थेंब काडीने टेकवणे किंवा तो भाग कापून टाके घालणे हे त्यांचे उपाय आहेत. खालून तंतूंनी खेचून धरलेल्या खड्ड्यांसाठी आधी ते तंतू सुईने मोकळे करावे लागतात. त्याला सबसिजन म्हणतात.

लेझरशी तुलना

फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर हा खरा प्रतिस्पर्धी आहे. तो त्वचेचे सूक्ष्म खांब उष्णतेने जाळून काढतो, त्यामुळे एका सिटिंगमध्ये त्याचा परिणाम बहुधा अधिक असतो आणि कडा असलेल्या, खोल खड्ड्यांवर तो जास्त जोर धरतो. मात्र त्याची किंमतही तशीच आहे, आणि येथे मी केवळ रुपयांविषयी बोलत नाही. आठवडाभर, कधी त्याहून जास्त, चेहऱ्यावर बारीक तपकिरी खपल्या राहतात, आणि आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत उष्णतेमुळे रंगद्रव्य चाळवले जाऊन काळपटपणा येण्याची शक्यता सुयांपेक्षा जास्त असते. सुया उष्णता देत नाहीत आणि वरचा थर मोठ्या प्रमाणात काढून टाकत नाहीत, म्हणून हा धोका कमी होतो. शून्य होत नाही. ज्याला महिनाभर ऊन टाळता येते, त्याने लेझरचा विचार जरूर करावा. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभे राहणाऱ्याने किंवा दिवसभर दुचाकीवर फिरती करणाऱ्याने जास्त सिटिंग लागल्या तरी सुयांकडे झुकावे, असे माझे मत आहे.

या दोन्हींच्या मधला पर्याय म्हणजे सुयांच्या टोकांतून रेडिओ लहरींची उष्णता खोलवर देणारे यंत्र. ते अधिक महाग असते आणि परिणामकारकही ठरते, परंतु चुकीच्या हाती भाजणे आणि कातडीखालची चरबी झिजणे असे प्रकार होऊ शकतात, म्हणून यात यंत्रापेक्षा चालवणारा हात महत्त्वाचा.

पीलविषयी, म्हणजे आम्लाने त्वचेचा वरचा थर सोलून काढण्याविषयी, थोडक्यात: वरवरचे पील काळपट डाग, तेलकटपणा आणि बारीक पुटकुळ्या यांसाठी चांगले आहे, खड्ड्यांसाठी एकटे अपुरे आहे.

घरी रोलर फिरवावा का

ऑनलाइन मिळणारा रोलर मीही एकदा मागवला होता. तो दीड मि.मी.चा होता, आणि महिनाभर मी तो आठवड्यातून दोनदा डेटॉलने पुसून वापरला. वाकलेल्या सुयांनी गालाच्या हाडावर रुळांसारख्या समांतर रेघा पडल्या आणि त्या फिक्या व्हायला माझे वर्ष गेले. चेहऱ्यावरचा बाह्यत्वचेचा थर साधारण ०.१ मि.मी. जाडीचा असतो. घरगुती म्हणून विकले जाणारे ०.२ ते ०.३ मि.मी.चे रोलर त्यापलीकडे फारसे पोहोचत नाहीत, म्हणजे त्यांनी खड्डे भरत नाहीत. आणि जे पोहोचतात, ते घरात निर्जंतुक ठेवणे शक्य नसते. त्यावर व्हिटॅमिन सीचे सीरम लावण्याचा सल्ला तर अजिबात मानू नये. अखंड त्वचेसाठी बनवलेले पदार्थ छिद्रांतून आत गेल्यावर गाठी उठल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत.

पार्लरमधील स्वस्त सिटिंगविषयीही हेच. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका परवाना नसलेल्या स्पामध्ये रक्तातील प्लाझ्मा वापरून केलेल्या मायक्रोनीडलिंगमधून ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील रोग नियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात नोंदवले. म्हणून सुयांचे नवे टोक आपल्यासमोर पाकीट फोडून बसवायला सांगणे हा उद्धटपणा नाही. प्लाझ्माची जोड दिल्याने काहींना थोडा अधिक फायदा होतो, पण आधी साध्या सिटिंगचा परिणाम पाहावा. जोडीचा खर्च नंतरही करता येतो.

कोणी थांबावे

चेहऱ्यावर ताजी मुरमे असताना सुया फिरवल्या तर संसर्ग पसरू शकतो, म्हणून आधी मुरमे आटोक्यात यावी लागतात. ज्यांची जखम भरताना कातडी जाड होऊन वर येते, ज्यांना वारंवार ओठाजवळ नागिणीसारखे (हर्पिसचे) फोड येतात, ज्यांना कोड किंवा सोरायसिस आहे, जे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात, ज्यांची साखर ताब्यात नाही किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या सुरू असतील किंवा मेडिकलमधून परस्पर आणलेले गोरे करणारे स्टेरॉइडचे मलम लावत असाल, तर तेही लपवू नये. खासगी सल्ल्यावर मन बसत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून दुसरे मत घेता येते.

भाच्याच्या बाबतीत अडचण तालमीची आहे. हौद्यातल्या, म्हणजे कुस्ती खेळण्याच्या जागेच्या, मातीत ताक, हळद, लिंबू, तेल घातलेले असते, म्हणून ती औषधी आहे, असे त्याचे वस्ताद सांगतात. मातीविषयीच्या त्यांच्या श्रद्धेत मला पडायचे नाही, परंतु ताज्या छिद्रांवर कोणतीच माती नको, आणि कुस्तीत अंगाला अंग घासून गजकर्ण व हर्पिससारखे संसर्ग पसरतात हे सर्वश्रुत आहे. निदान आठवडाभर त्याने मातीत उतरू नये, आणि डॉक्टर जास्त सांगतील तर जास्त. त्याच्या पाठीवर आणि हनुवटीवर अजून पुटकुळ्या उठतात. प्रोटीन पावडरीचा मुरमांशी संबंध असू शकतो, तेव्हा डब्यावरचे नावही त्याने डॉक्टरांना दाखवावे.

तारीख ठरवतानाही गावाचे पंचांग पाहावे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला जायचे असेल तर त्याआधीच्या पंधरवड्यात सिटिंग नको, कारण डोंगरावर गुलालापासून कोणी सुटत नाही. गणपतीच्या मिरवणुकीचेही तेच. पावसाळ्यात ऊन कमी असते हे सोयीचे, पण सनस्क्रीन तेव्हाही लागतेच. दुचाकीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ मऊ, सुती आणि रोज धुतलेला असावा. तांबडा रस्सा बंद करण्याची गरज नाही, फक्त पहिले दोन दिवस त्याच्या वाफेवर तोंड धरू नये.

दवाखान्यात विचारताना एका सिटिंगचा दर न विचारता चार सिटिंगचा एकूण खर्च, त्यात मलम, नवे टोक आणि नंतरची तपासणी धरली आहे का, असे विचारावे. सर्व सिटिंगचे पैसे आगाऊ भरल्यास मिळणारी सूट मी तरी घेणार नाही. दोन सिटिंगनंतर खड्ड्यांचा प्रकार पाहून डॉक्टर सबसिजनकडे किंवा लेझरकडे वळायला सांगू शकतात, आणि तेव्हा भरलेले पैसे आडवे येतात.

भाच्याने आरशासमोर गाल ताणला तेव्हा उजवीकडचे बहुतेक खड्डे सपाट झाले, डाव्या कानशिलाजवळचे तीन झाले नाहीत. त्याच खिडकीत, त्याच वेळी, दाढी करून दोन्ही गालांचे फोटो काढून ठेवायला मी त्याला सांगितले आहे. मुरमे आधी, सुया दिवाळीनंतर, असे सध्या ठरले आहे.