बंद घराचं प्लंबिंग: तुकडा बदलायचा, बाहेरून लाइन टाकायची की भिंत फोडायची?

नौपाड्यातला मामांचा फ्लॅट नऊ वर्षं बंद होता. मेन व्हॉल्व उघडला तेव्हा आधी नुसती हवा, मग चहाच्या रंगाचं पाणी आणि गंजाचे पोपडे. अर्धवट रिकाम्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपात ओल आणि हवा दोन्ही कोंडतात. जस्ताचा थर झिजला असेल तिथे गंज झपाट्याने धरतो आणि पाण्याचा दाब परत आला की सांध्यांचे आटे गळू लागतात.

त्यामुळे ‘गळतोय तेवढाच तुकडा बदलू’ हा पर्याय मी आधी बाद करेन. आज स्वस्त वाटतं, पण एका एल्बोला (वळणाच्या जोडाला) पाना लावला की पुढचा सांधा तुटतो. मामांनी असे दोनदा पैसे घातले, तिसऱ्यांदा मी अडवलं.

खरी निवड सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपाची लाइन भिंतीवरून उघडी न्यायची की भिंतीत गाडून कन्सील्ड करायची, यात आहे. पाइप-फिटिंगचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच. पैसा जातो तो कन्सील्डसाठी झिऱ्या (पाइपासाठी भिंतीत खाचा) मारण्यात, टाइल्समध्ये, वॉटरप्रूफिंगमध्ये, डेब्रिज उतरवण्यात. जुन्या टाइल्सचा जोड आता मिळत नाही, म्हणून हातभर झिरीसाठी अख्खी भिंत नव्याने करावी लागते. आम्हाला कन्सील्डचं कोटेशन उघड्या लाइनच्या अडीचपट आलं. उघडी लाइन डोळ्यांना खुपते हे खरं, पण गळती त्याच दिवशी दिसते. घर भाड्याने द्यायचं असेल तर मी डोळे झाकून हीच घेईन. बाहेरच्या भिंतीवर ऊन लागत असेल तर पाइपाला रंग मात्र द्या.

खालच्या घराच्या छताला ओल असेल तर हिशेब फिरतो. नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा भाग) आणि फरशीखालचा कोबा उखडावाच लागणार, मग त्याच फोडाफोडीत कन्सील्ड उरकून घ्या.

कोटेशन फारच कमी आलं तर गिझरच्या लाइनला यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) धरलंय का ते बघा, गरम पाण्याला ते चालत नाही. सीपीव्हीसी 93 अंशांपर्यंतचं पाणी सोसतं. बाथरूमला वास येतो म्हणून ड्रेनेज बदलायला कुणी सांगितलं, तर आधी ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता. बंद घरात ट्रॅपमधलं पाणी सुकून जातं, म्हणून गटाराचा वास वर येतो.

डाऊनटेक (गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारी लाइन) आणि बाहेरच्या ड्रेनेज लाइन यांची दुरुस्ती सोसायटीकडे, संडास-बाथरूममधली गळती आपल्याकडे. सोसायटीच्या लाइन कोटेशनमध्ये धरल्या असतील तर काढायला लावा आणि सोसायटीला लेखी कळवा. भिंत फोडलीच तर प्लास्टरआधी लाइन दाबाखाली रात्रभर ठेवा. सकाळी प्रत्येक सांधा स्वतः हात फिरवून बघा, मगच शेवटचे पैसे द्या.